पाच प्रती उरलेले पुस्तक

कथासंग्रह म्हणजे काय, असे विचारले तर आपल्याकडे उत्तर सोपे आहे. लेखकाने पाच-सहा वर्षांत दिवाळी अंकांतून, मासिकांतून लिहिलेल्या कथा गोळा करायच्या, त्यांतल्या एकीचे नाव पुस्तकाला द्यायचे आणि एखाद्या ज्येष्ठाची प्रस्तावना घ्यायची. यात वाईट काही नाही. पण उर्दूत काही संग्रह निराळ्या रीतीने जन्माला आले. ज्याला कुणी हात लावत नव्हते असा एखादा विषय त्यांच्या मुळाशी होता आणि कथा त्या एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. अशा पुस्तकांचे पुढे काय झाले हे शोधत गेले की वाट बहुतेक वेळा जप्तीच्या हुकमापाशी येऊन थांबते.

यातले पहिले ठळक उदाहरण आमच्याच धंद्यातल्या माणसाचे आहे. धनपतराय श्रीवास्तव हे अलाहाबादच्या ट्रेनिंग कॉलेजातून तयार झालेले शिक्षक. पुढे ते हमीरपूर जिल्ह्यात शाळांचे तपासनीस झाले. 1908 साली कानपूरच्या जमाना प्रेसमधून त्यांचा 'सोजे वतन' हा पाच कथांचा लहानसा संग्रह निघाला. लेखक म्हणून नाव होते नवाबराय. परी, तिलिस्म आणि आशिक-माशूकांच्या दास्तानींवर वाढलेल्या वाचकाला वतनावरच्या प्रेमाच्या कथा नवीन होत्या. सरकारलाही त्या नवीनच वाटल्या. कलेक्टरने तपासनीस साहेबांना बोलावून घेतले. मोगलांचे राज्य असते तर तुमचे हात तोडले असते, इंग्रजांचे आहे हे नशीब समजा, असे त्याने सुनावल्याचे खुद्द लेखकानेच पुढे लिहून ठेवले आहे. हजार प्रतींपैकी तीनशे विकल्या गेल्या होत्या. उरलेल्या सातशे सरकारजमा झाल्या आणि जाळल्या गेल्या. नवाबराय हे नाव तिथेच संपले. 1910 पासून तोच माणूस प्रेमचंद या नावाने लिहू लागला.

प्रेमचंदांची 'ईदगाह' आपल्या मुलांना माहीत असते. मेळ्यात खेळणे न घेता दादीसाठी चिमटा घेणारा हामिद कुणाला आवडत नाही? ही कथा 1933 सालची. त्याच वर्षी संयुक्त प्रांताच्या सरकारने दुसरा एक कथासंग्रह जप्त केला. त्याचे नाव 'अंगारे'. पाठ्यपुस्तकांनी चिमटा तेवढा उचलला, अंगारे चुलीतच राहिले.

'अंगारे' डिसेंबर 1932 मध्ये लखनौच्या निजामी प्रेसमध्ये छापले गेले. जेमतेम सव्वाशे-दीडशे पानांचे पुस्तक. लेखक चार. ऑक्सफर्डमध्ये शिकणारे सज्जाद जहीर हे अवध चीफ कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर वजीर हसन यांचे चिरंजीव. अहमद अली हे इंग्रजीचे तरुण प्राध्यापक, वय बावीस. महमूदुज्जफर रामपूरचे, लहानपणापासून विलायतेत शिकलेले. इतके विलायती की त्यांची कथा मुळात इंग्रजीत लिहिलेली होती आणि जहीरनी ती उर्दूत आणली. चौथ्या लेखिका डॉ. रशीद जहाँ. अलिगढला 1906 साली मुलींची शाळा काढणाऱ्या शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम या दांपत्याची ही मुलगी. त्याआधी, 1904 साली शेख अब्दुल्लांनी 'खातून' हे स्त्रियांचे मासिक सुरू केले होते. अशा घरात वाढलेल्या रशीद जहाँ लखनौला आणि मग दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शिकून डॉक्टर झाल्या.

पुस्तकात नऊ कथा आणि एक एकांकिका आहे. त्यांपैकी पाच कथा एकट्या सज्जाद जहीर यांच्या. दोन अहमद अलींच्या, एक महमूदुज्जफर यांची, एक कथा आणि एकांकिका रशीद जहाँची. वरवर पाहता सगळे विस्कळीत वाटते. एका कथेत भुकेल्या कवीच्या डोक्यात रात्रभर चाललेली बडबड आहे. दुसरीत कारकुनाकडे एक रुपया मागणारा चपराशी आहे. तिसरीत दुलारी नावाची मोलकरीण आहे, जिला घरच्याच मुलाने नासवले. मग हा संग्रह एका विषयाचा कसा? आमच्या मते याचा विषय एकच, आणि तो म्हणजे शरीफ मुसलमानांच्या घराचा उंबरठा. त्याच्या आत काय चालते, कोण उपाशी झोपते, कोण कोणाच्या अंगाला हात लावते, कोण किती वेळा बाळंत होते. तोवर उर्दूत घराविषयी लिहिले गेले नव्हते असे नाही. डेप्युटी नजीर अहमद यांनी 1869 सालीच 'मिरातुल उरूस'मध्ये दोन बहिणींचा संसार मांडला होता. पण त्यात सून शहाणी की मूर्ख, एवढाच प्रश्न होता. घराला धक्का नव्हता. 'अंगारे'ने विचारले, की घरच आजारी असेल तर?

रशीद जहाँची 'दिल्ली की सैर' ही कथा दोन-तीन पानांत संपते. फरीदाबादची मलका बेगम मैत्रिणींना आपल्या दिल्लीच्या सफरीची हकीकत सांगते. नवऱ्यासोबत आगगाडीने दिल्लीला गेली. स्टेशनावर नवऱ्याला ओळखीचा स्टेशनमास्तर भेटला. बायकोला सामानापाशी बसवून मियाँ गप्पा मारायला, खायला-प्यायला निघून गेले. ही बुरख्यात, सामानावर बसलेली. येणारे-जाणारे पुरुष टक लावून बघताहेत, शेरे मारताहेत, भूक लागलेली. मियाँ परतले तेव्हा हिने एवढेच म्हटले, की मला घरी पोचवा, मला नाही बघायची तुमची दिल्ली. संपली कथा. ना कुणाला शिव्या, ना धर्मावर एक शब्द. मलका बेगम ही हकीकत हसत-खेळत सांगते, ऐकणाऱ्या बायका मजा घेतात.

'परदे के पीछे' ही तिची एकांकिका मात्र हसत वाचता येत नाही. मोहम्मदी बेगम आणि आफताब बेगम या दोन घरंदाज बायकांच्या गप्पा. मोहम्मदी बेगमचे वय बत्तीस, पण दिसते म्हातारी. जवळजवळ दरसाल एक बाळंतपण. शरीराची चाळण झालेली. दुसऱ्या लग्नाची नवऱ्याची धमकी डोक्यावर टांगलेली, आणि त्याला धरून ठेवण्यासाठी शस्त्रक्रियेचे हालही सोसलेले. दवाखान्यात बसून रोज अशा बायकांचे ऐकणाऱ्या डॉक्टरशिवाय हे कोण लिहू शकले असते? महमूदुज्जफर यांच्या 'जवांमर्दी'तही हाच धागा आहे. आपण पुरुष आहोत हे लोकांना दाखवण्यासाठी नवरा आजारी बायकोला गरोदर करतो आणि ती बाळंतपणात मरते. अहमद अलींच्या 'महावटों की एक रात'मध्ये थंडीच्या पावसात गळक्या छपराखाली पोरांना घेऊन बसलेली मरियम आहे.

आणि या सगळ्यांच्या शेजारी 'जन्नत की बशारत' आहे. रमजानच्या मुबारक रात्री इबादत करता करता पेंगुळलेल्या एका मौलानांना स्वप्न पडते आणि त्या स्वप्नात हूर दिसतात. कथा सज्जाद जहीर यांची. खरे सांगायचे तर ती आम्हांला आजही आवडत नाही. दांभिकपणावर बोट ठेवायला हरकत नव्हती, पण लेखकाला बोट ठेवण्यापेक्षा टपली मारण्यात अधिक मजा येते आहे असे वाटत राहते. पुढे 'रोशनाई' या आठवणींच्या पुस्तकात जहीरनी स्वतःच कबूल केले आहे, की यातल्या बऱ्याच कथांत गांभीर्य कमी आणि जोश जास्त होता.

पुस्तक बाहेर आल्यावर दोन महिन्यांत गदारोळ उठला. फेब्रुवारी 1933 मध्ये लखनौच्या शिया कॉन्फरन्सने निषेधाचा ठराव केला. मौलाना अब्दुल माजिद दर्याबादी आपल्या 'सच' पत्रातून तुटून पडले. मशिदींतून भाषणे झाली, फतवे निघाले. शिया आणि सुन्नी, एरवी लखनौत ज्यांचे पटत नसे, ते या एका गोष्टीवर एकत्र आले. 15 मार्च 1933 रोजी सरकारने पुस्तक जप्त केले. पाच प्रती सरकारी दप्तरासाठी ठेवून हाती लागतील तेवढ्या सगळ्या नष्ट केल्या.

ज्या कलमाचा आधार घेतला गेला ते होते भारतीय दंड संहितेचे 295-अ. (2024 पासून न्याय संहितेत त्याचा क्रमांक 299 झाला आहे.) हे कलम कसे आले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लाहोरात पैगंबरांची बदनामी करणारे एक पुस्तक निघाले होते. 1927 साली त्याचा प्रकाशक हायकोर्टातून सुटला. मुसलमान संतापले, आणि त्या असंतोषानंतर त्याच वर्षी कायद्यात हे कलम घातले गेले. मागणी न्याय्य होती. त्यानंतर सहा वर्षांच्या आत त्याच कलमाखाली चार मुसलमानांचे उर्दू पुस्तक जाळले गेले. कायदा एकदा झाला की तो कुणाच्या हाती जाईल हे मागणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आता या प्रकरणातली जी गोष्ट आम्हांला सतत बोचते ती सांगतो. धार्मिक भावना दुखावल्या त्या मुख्यतः सज्जाद जहीर यांच्या कथांनी. पण रोष सर्वांत जास्त कुणावर निघाला? रशीद जहाँवर. सज्जाद जहीर पुस्तक निघाल्यावर लवकरच विलायतेला परतले होते. ही बाई इथे होती, रोजचे रुग्ण तपासत होती. तिच्यावर ॲसिड फेकण्याच्या, नाक कापण्याच्या धमक्या आल्या. 'अंगारेवाली' हे नाव तिला कायमचे चिकटले. तिच्या दोन लेखनांत मौलानांची थट्टा नव्हती, हूर नव्हत्या. होते काय, तर स्टेशनावर सोडून दिलेली एक बायको आणि बाळंतपणांनी झिजलेली दुसरी. तरीही गुन्हेगार तीच. बाईने लिहिले, डॉक्टर बाईने लिहिले, आणि घरातले बाहेर सांगितले, हा गुन्हा 'जन्नत की बशारत'पेक्षा मोठा ठरला.

म्हणूनच या संग्रहाच्या रचनेविषयी आमची तक्रार आहे. एका मुठीत चार बोटे आली की ठोसा बसतो, हे खरे. सुटी कथा मासिकात येते, वाचक पान उलटतो. दहा एकत्र आल्या की पान उलटून सुटका होत नाही. पण याच एकत्र बांधण्यामुळे डॉक्टरची साक्ष आणि तरुणांची टवाळी एका गाठोड्यात गेली आणि गाठोडे जळाले तेव्हा दोन्ही गेले. टीका करणाऱ्यांना हूरवर बोलणे सोपे होते. मोहम्मदी बेगमच्या बत्तीस वर्षांच्या शरीरावर कुणालाच बोलावे लागले नाही. ज्या प्रश्नासाठी हे पुस्तक हवे होते तो प्रश्न सुटला नाही, टळला. अर्थात, रशीद जहाँचे लेखन एकटे छापले असते तर ते सुखाने वाचले गेले असते, असेही खात्रीने म्हणवत नाही.

लेखकांनी माफी मागितली नाही. 5 एप्रिल 1933 रोजी अलाहाबादच्या 'लीडर' या इंग्रजी पत्रात महमूदुज्जफर यांचे निवेदन छापून आले. त्यात पुस्तकाची पाठराखण होती आणि पुरोगामी लेखकांचा एक संघ काढावा अशी सूचनाही होती. तीच सूचना पुढे फळली. एप्रिल 1936 मध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते प्रेमचंद. सातशे प्रती जाळल्या गेलेला लेखक, जाळल्या गेलेल्या पुस्तकाच्या लेखकांच्या सभेत अध्यक्ष म्हणून बसला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले.

या चळवळीची एक शाखा आपल्या मुंबईत आली. 1940 नंतरच्या दशकात सज्जाद जहीर वाळकेश्वर रोडवर राहत होते आणि कम्युनिस्ट पक्षाच्या उर्दू पत्राचे काम पाहत होते. सरदार जाफरी, कैफी आजमी, कृश्न चंदर ही मंडळी त्यांच्याभोवती. त्याच काळात, त्याच शहरात 'इप्टा'च्या आणि लाल बावट्याच्या मंचावर बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख, मराठीत डफ वाजवत होते. उर्दूतला प्रगतिशील मुसलमान लेखक आणि मराठीतला मुसलमान शाहीर एका मांडवात होते, हे आपल्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही. इस्मत चुगताई या तर 'अंगारे'च्या मानसकन्याच. अलिगढमध्ये शिकत असताना त्यांनी हे पुस्तक लपूनछपून वाचले होते आणि रशीद जहाँ ही आपली आदर्श होती असे त्या जन्मभर सांगत राहिल्या. 1942 साली 'लिहाफ' आली आणि अश्लीलतेच्या खटल्यासाठी इस्मत आपांना लाहोरच्या कोर्टात जावे लागले. परंपरा चालू राहिली म्हणायची.

या परंपरेला एक कडू पानही आहे. सआदत हसन मंटो जानेवारी 1948 मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेले. त्याच वर्षी त्यांचा 'सियाह हाशिये' निघाला. विषय फक्त फाळणीची कत्तल, आणि कथा कुठे दोन ओळींच्या तर कुठे पान-दोन पानांच्या. यात कोण हिंदू, कोण मुसलमान हे पुष्कळदा कळतसुद्धा नाही. आता अशा पुस्तकाची बाजू कुणी घ्यायला हवी होती? पण प्रगतिशील मंडळींनीच मंटोला धारेवर धरले. कत्तलीवर विनोद करतो, मुहम्मद हसन अस्करींसारख्या विरोधकाची प्रस्तावना घेतो, असे आरोप झाले. 1949 साली लाहोरच्या परिषदेत मंटोंसह काही लेखकांवर बहिष्काराचा ठरावही झाला. फतव्याने पोळलेल्यांनी सोळा वर्षांत स्वतःचा फतवा काढला. भाषा निराळी होती, इतकेच.

रशीद जहाँ लिहीत राहिल्या, पण थोडे. दवाखाना, पक्षाचे काम, तुरुंग यांतून वेळ किती उरणार? 1934 साली त्यांनी महमूदुज्जफर यांच्याशी लग्न केले. 1937 साली 'औरत' हा त्यांचा संग्रह लाहोरहून निघाला. 1952 साली कर्करोगावर उपचारासाठी त्या मॉस्कोला गेल्या आणि तिथेच वारल्या. वय सत्तेचाळीससुद्धा पुरे नव्हते. त्यांची 'वह' नावाची एक कथा आहे. सांगणारी मुलगी नुकतीच कॉलेजातून निघून मुलींच्या शाळेत शिक्षिका झालेली. दवाखान्यात तिला एक बाई भेटते. रोगाने नाक झडून गेलेली, धंदा करणारी. ही बाई मग रोज शाळेत येऊन नुसती तिच्यासमोर बसून राहते. बाकीच्या शिक्षिका नाके मुरडतात. शेवटी शाळेची झाडूवाली तिला मारून हाकलते. जिला नाक कापण्याच्या धमक्या मिळाल्या तिने नाक नसलेल्या बाईची कथा लिहावी, आणि ती शाळेतल्या शिक्षकखोलीत घडावी! आम्ही ज्या खोलीत रोज बसतो तिथे ती बाई आली तर आम्ही काय करू, हा विचार आला की कथा पुढे वाचवत नाही.

'अंगारे' साठ वर्षे जवळजवळ कुणाच्या हाती नव्हते. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या आणि ज्यांनी त्याचे गोडवे गायले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेलेही नव्हते. 1990 साली शकील सिद्दीकी यांनी ते देवनागरीत आणले. 1995 मध्ये खालिद अलवी यांनी दिल्लीहून उर्दू आवृत्ती काढली. 2014 साली एकाच वर्षात इंग्रजीत दोन भाषांतरे झाली. भूकंप झाला नाही. एक मोर्चा निघाल्याचेही आमच्या वाचनात नाही.

आमच्याकडे आहे ती उर्दू आवृत्ती मुंबईला मोहम्मद अली रोडवर घेतलेली. आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. शिक्षकखोलीत पुस्तक बाहेर काढले तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ये वाहियात किताब इधर नक्को लाओ टीचर, बच्चियाँ फिरतीं." त्यांनी वाचले आहे का, असे विचारले. म्हणाले, "पढने की क्या जरूरत? सबको मालूम है." भले गृहस्थ आहेत, मुलांसाठी पदरचे पैसे घालतात. आम्ही वाद घातला नाही.

पण एका मोकळ्या तासाला नववीच्या मुलींना 'दिल्ली की सैर' वाचून दाखवली. लेखिकेचे नाव सांगितले, पुस्तकाचे टाळले. मुली आधी हसल्या. मियाँ स्टेशनमास्तरबरोबर गेले तिथे हसू थांबले. मागच्या बाकावरची एक जण, जी एरवी हजेरीशिवाय तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "टीचर, मेरे अम्मी को अब्बा दवाखाने में ऐसेच बिठा के गये थे. शाम तक." वर्ग गप्प झाला. मग दुसरीने मामीचे सांगितले, तिसरीने एस.टी. स्टँडवरचे. घंटा झाली तरी कुणी उठेना.

जाताना त्या पहिल्या मुलीने विचारले, की ये कौन सी किताब में है, उसमें और क्या है. आम्ही म्हणालो, पुढच्या वर्षी सांगू. ती आता दहावीत आहे. मागच्या आठवड्यात तिने आठवण करून दिली. 'दिल्ली की सैर' आणि 'वह' या दोन कथांच्या झेरॉक्स प्रती काढून तिला दिल्या आहेत. पुस्तक अजून आमच्या कपाटातच आहे, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले.